व्हूडू बेटावरचा झॉम्बी: कुठला बघावा, कुठला सोडावा

दोन्ही चित्रपटांची नावं ‘मी’ने सुरू होतात. ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ १९४३ चा. ‘आय ईट युअर स्किन’ १९६४ साली चित्रित झाला आणि काही वर्षं डब्यात पडून १९७१ साली थिएटरात आला. दोन्ही कृष्णधवल. दोन्हींत कॅरिबियन समुद्रातलं काल्पनिक बेट, अंधारात वाजणारे ढोल, बाहेरून आलेला गोरा पाहुणा आणि मरूनही चालत राहिलेली माणसं. व्हूडू (हैती या कॅरिबियन देशातला एक धर्म) आणि झॉम्बी या विषयाला हात घालायचा म्हटलं की यादीत ही दोन्ही नावं येतातच, आणि तरुण मंडळी बहुधा दुसऱ्याकडे वळतात. ‘मी तुझी कातडी खातो’ म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. एकच बघायचा असेल तर पहिला. दुसरा फक्त तेव्हा, जेव्हा चार-पाच टवाळ मित्र जमलेत, खायला भरपूर आहे आणि पडद्याकडे बघून मोठ्याने बोलायची मुभा आहे. एकट्याने, दिवे मालवून, घाबरायचं म्हणून बसलात तर दुसऱ्या चित्रपटात हाती काही लागणार नाही. या विषयावरचे आणखी चार-पाच चित्रपट आहेत, त्यांच्याकडेही येतो. पण खरी कुस्ती या दोघांतच आहे. साहित्य जवळजवळ सारखं असूनही एकाचा चित्रपट झाला आणि दुसऱ्याचा नुसता पसारा, हे कसं घडलं ते बघण्यासारखं आहे. (दोन्हींच्या कथेतल्या काही गोष्टी पुढे फुटतील. दुसऱ्याच्या बाबतीत त्याने काही नुकसान होत नाही.)

आधी नावांचंच घ्या, कारण दोन्ही नावं चित्रपट करणाऱ्यांनी ठेवलेली नाहीत, विकणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. हॉलिवुडच्या आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटन याच्याकडे स्वस्तातले भयपट काढायचं काम होतं. वरून आधी नाव यायचं आणि मग त्या नावाचा चित्रपट करायचा, अशी तिथली रीत. ‘मी एका झॉम्बीबरोबर चालले’ हे नावही असंच एका नियतकालिकातल्या लेखावरून उचलून त्याच्यासमोर ठेवण्यात आलं. ल्यूटन वाचणारा माणूस. त्याने ‘जेन एअर’ या जुन्या इंग्रजी कादंबरीची चौकट उचलली: मोठं घर, अबोल मालक, घरात ठेवलेली आजारी बायको, नोकरीला आलेली तरुणी. ही सगळी मंडळी त्याने वेस्ट इंडिजमधल्या उसाच्या मळ्यावर आणून बसवली. दिग्दर्शनाला झाक तूर्नर. आणि त्या नावाचं काय केलं? नायिका पहिल्याच वाक्यात ते उच्चारते, स्वतःच हसते, असं म्हणणं जरा विचित्रच वाटतं म्हणते आणि पुढे निघते. एका वाक्यात नावाचं देणं फेडून टाकलं.

‘आय ईट युअर स्किन’चा प्रवास नेमका उलटा. डेल टेनी या दिग्दर्शकाने तो फ्लोरिडात उरकला तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं आणि बाज होता साहसकथेचा: थोडा प्रणय, थोडी मारामारी, थोडं भूत. तो तसाच पडून राहिला. पुढे जेरी ग्रॉस या वितरकाकडे ‘आय ड्रिंक युअर ब्लड’ नावाचा एक रंगीत, रक्तबंबाळ चित्रपट होता आणि एका तिकिटात दोन खेळ दाखवायला त्याला जोडीदार हवा होता. त्याने हा जुना डबा उघडला, रक्ताला शोभेल असं कातडीचं नाव चिकटवलं आणि दोन्ही गाड्या एकाच रुळावर सोडल्या. संपूर्ण चित्रपटात कोणीही कोणाची कातडी खात नाही. चावतसुद्धा नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

प्रेक्षकाची पहिली निराशा इथे आहे आणि ती टेनीच्या माथी मारणं बरोबर नाही. पण पुढच्या निराशा त्याच्याच.

त्या समजून घ्यायला एक पाऊल मागे जावं लागेल, हैतीत. आज झॉम्बी म्हटलं की आपल्याला चावा आठवतो, कळप आठवतो, मेंदूवर गोळी झाडणं आठवतं. हे सगळं दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या चित्रपटानंतरचं. हैतीतला झॉम्बी चावत नाही. तो राबतो. सेंट डोमिंग या नावाने हैती फ्रेंचांची वसाहत होती आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून तिथे ऊस, कॉफी पिकवली जायची. १७९१ साली उठाव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला. गुलामाला सुटकेची एक आशा होती, की मेल्यावर आपला आत्मा समुद्रापलीकडच्या मूळ भूमीत परत जाईल. झॉम्बी म्हणजे ती वाटही बंद झालेला माणूस. मेल्यावरसुद्धा मळ्यातून सुटका नाही. बोकोर नावाचा जादूटोणा करणारा त्याला थडग्यातून उठवतो आणि त्याला वेठीला धरतो. म्हणजे हैतीच्या माणसाला झॉम्बीची भीती वाटत नाही, झॉम्बी व्हायची भीती वाटते. ही भीती नुसती आजीच्या गोष्टीपुरती नव्हती: कोणाला औषध देऊन मेल्यासारखं पाडणं आणि त्याला पुरणं हा खूनच, अशी तरतूद तिथल्या दंडसंहितेत १८६४ साली घातली गेली.

कोकणातल्या वाचकाला हे चटकन कळेल. बायंगी विकत आणून घरात ठेवायची आणि तिने मालकाची भरभराट करायची, या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्यात त्यांना ‘मालक असलेलं भूत’ ही कल्पना नवी नाही. फरक एवढाच की बायंगीच्या गोष्टीत भीती मालकाच्या बाजूने सांगितली जाते, तिला पोसता आलं नाही तर काय होईल ही. हैतीच्या गोष्टीत ती राबणाऱ्याच्या बाजूने आहे.

म्हणून असा कुठलाही चित्रपट समोर आला की मी एकच प्रश्न विचारतो: या झॉम्बीचा मालक कोण? ज्या दिग्दर्शकाला उत्तर ठाऊक असतं त्याचा चित्रपट पैसे कमी असले, नट बेताचे असले तरी उभा राहतो. ज्याला हा प्रश्नच पडलेला नसतो, त्याच्या हाती ढोल, पीसं आणि नाच एवढंच उरतं.

आता टेनीकडे. त्याचा नायक टॉम हॅरिस हा साहसी कादंबऱ्या लिहिणारा, बायकांच्या मागे फिरणारा लेखक. मायामीतल्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी त्याची मैफल रंगलेली असताना प्रकाशक त्याला उचलतो आणि नव्या कादंबरीला मसाला मिळावा म्हणून विमानात घालून बेटावर नेतो. बरोबर प्रकाशकाची बायको, तोंडाने अखंड कुरकुर. इंधन संपत आल्यामुळे विमान समुद्रकिनाऱ्यावर उतरवावं लागतं. टॉम एकटाच झाडीत शिरतो, आणि पांढरे बटबटीत डोळे, चेहऱ्यावर वाळून तडकलेला लेप अशा अवतारातला एक झॉम्बी कोयत्याने एका कोळ्याचं मुंडकं उडवतो. इथवर ठीक चाललंय. त्या मुंडक्याला त्या काळच्या मानाने थोडी धार आहे, आणि आता गाडी सुटणार असं वाटतं.

सुटत नाही. त्यानंतर येतात बंगला, पेयपान, शास्त्रज्ञाची सुंदर मुलगी, तिच्याशी टॉमचं गुलूगुलू, सोनेरी केसांची कुमारिका बळी द्यायला हवी म्हणून टपलेले ‘स्थानिक’ आणि नाच. भरपूर नाच. पार्श्वसंगीतात जॅझचा ठेका असा, की झॉम्बी मागे लागलेत की कोणाच्या वाढदिवसाला निघालेत ते कळू नये. व्हूडूचा तपशील म्हणाल तर शून्य. व्हूडू हा हैतीत लाखो लोकांचा जिता धर्म आहे, त्याचे पुजारी आहेत, दैवतं आहेत, जमिनीवर पिठाने काढायच्या आकृत्या आहेत, यातलं काहीही टेनीच्या कानावर गेलेलं दिसत नाही. त्याच्यासाठी व्हूडू म्हणजे रात्री केलेला गोंगाट.

मग झॉम्बी होतात कशाने? तर बेटावर डॉक्टर बिलाडो नावाचे गृहस्थ सापाच्या विषातून कर्करोगावर औषध शोधतायत आणि त्या विषावर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून भलतंच काही होऊन बसलंय. म्हणजे मंत्र बाद, विज्ञान आत. हा पालट मला मुळात नापसंत नाही. साठच्या दशकात अणूची भीती खरी होती. पण मग ते ढोल कशासाठी वाजतायत?

आणि आता खरी चुटपुट लावणारी गोष्ट. बेटाचा सगळा कारभार बघणारा चार्ल्स बेंटली नावाचा एक गोरा माणूस चित्रपटात आहे. शेवटी कळतं की डॉक्टरला दाबात ठेवून, बेटावरच्या माणसांना झॉम्बी करून त्यांची फौज उभारायचा डाव त्याचाच. तोच मुखवट्यामागचा व्हूडूप्रमुखही. थांबा, हे पुन्हा वाचा. बेटाचा कारभारी काळ्या लोकांना त्यांच्याच देवाचा मुखवटा घालून नाचवतो, रसायनाने त्यांचं मन मारतो आणि आपल्या कामाला जुंपतो. हैतीच्या मूळ भीतीचा याहून नेमका आराखडा दुसरा कुठला? ‘मालक कोण’ या प्रश्नाचं सणसणीत उत्तर टेनीच्या हातात आयतं होतं. आणि त्याने त्याचं काय केलं? जग जिंकायला निघालेला एक खलनायक. सगळी साखळी दोन वाक्यांत उलगडून मंडळी पळापळीला लागतात. बेटावरच्या एकाही माणसाला नीट चेहरा मिळत नाही, झॉम्बी व्हायच्या आधी तो कोण होता ते कळत नाही, त्यामुळे झाल्यावर काही वाटतही नाही. सामान घरात असून स्वयंपाक न झालेल्या चित्रपटाचा मला जास्त राग येतो. ज्याच्याकडे सामानच नाही त्याला काय बोलणार.

एक प्रसंग मात्र न चुकता बघावा. एक झॉम्बी हातात खोकं घेऊन संथपणे विमानाकडे चालत येतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘स्फोटकं’ असं लिहिलंय, म्हणजे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाचीही गैरसोय नको. तो सरळ फिरत्या पंख्यात जातो. विमान, वैमानिक, झॉम्बी, सगळ्यांचा एकदम निकाल. मित्रांबरोबर बघायचा म्हटलं ते या दोन मिनिटांसाठी.

तूर्नरच्या चित्रपटात असं काहीच फुटत नाही. फक्त ६९ मिनिटांचा आहे. कॅनडातल्या ऑटवात बाहेर बर्फ पडत असताना बेट्सी नावाच्या परिचारिकेची मुलाखत होते आणि तिला विचारलं जातं, जादूटोण्यावर विश्वास आहे का? ती हसते. मग जहाज. रात्रीचा चमकता समुद्र बघून ती मनात म्हणते, किती सुंदर. आणि शेजारी उभा असलेला मळ्याचा मालक पॉल हॉलंड तिचं मन वाचल्यासारखा सांगतो की ते उडते मासे आनंदाने उडत नाहीयेत, मोठे मासे मागे लागलेत म्हणून जीव घेऊन उडतायत, आणि पाण्याला आलेली ही चमक लाखो मेलेल्या सूक्ष्म जिवांची आहे. चित्रपट सुरू होऊन चार मिनिटं झाली नाहीत तोवर सगळ्या देखाव्याखाली मरण आहे हे सांगून झालं. एक थेंब रक्त नाही.

बंदरावरून मळ्याकडे जाताना घोडागाडीवाला तिला बेटाची हकीकत सांगतो: एका जहाजातून आमचे पूर्वज, आमच्या आयाबाया, तळाशी साखळदंडाने बांधून इथे आणले गेले. बेट्सी भाबडेपणाने म्हणते, पण किती सुंदर जागी आणलं तुम्हाला! तो मागे न वळता उत्तर देतो: तुम्ही म्हणता तर तसं असेल, मिस. १९४३ साली, हॉलिवुडमध्ये, दीड-दोन ओळींच्या भूमिकेतला काळा गाडीवान हे बोलतो. मी हा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघितला होता, आपण ऐकलं ते बरोबरच ना म्हणून.

त्याच जहाजाच्या नाळेवरचा पुतळा, बाणांनी विंधलेला संत सेबॅस्टियन, आता हॉलंडच्या अंगणात उभा आहे, काळा पडलेला, अंगावरून पाणी ओघळत असलेला. ज्या जहाजातून गुलाम आणले त्याचा तुकडा बागेची शोभा म्हणून ठेवून हे कुटुंब त्याच्यासमोर रोज उठतं, जेवतं, भांडतं. पॉलची बायको जेसिका उंच, गोरी, पांढऱ्या झग्यात रात्री चालते, बोलत नाही, ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात तापाने मज्जारज्जू गेला. बेटावरचे लोक म्हणतात ती झॉम्बी आहे. घरातल्या प्रत्येकाकडे तिच्या अवस्थेबद्दल स्वतःचा असा अपराध आहे. मालक कोण? सासू? नवरा? दीर? की ज्या मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांना असंच जिवंतपणी मारलं, त्या मळ्याने आता मालकिणीलाच वेठीला धरलंय? चित्रपट उत्तर देत नाही, पण प्रश्न मात्र हातून सुटू देत नाही.

आणि तो उसातला रस्ता. बेट्सी जेसिकाला घेऊन रात्री व्हूडूच्या ठिकाणी निघते, बरी होईल या आशेने. संवाद नाहीत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. पानांची सळसळ, पोकळ भोपळ्यातून घुमणारा वारा, झाडाला टांगलेलं जनावराचं कलेवर, जमिनीवर मांडलेली कवटी. आणि टॉर्चच्या उजेडात अचानक दोन पाय, मग वर वर जात कारफूरचा चेहरा. डार्बी जोन्स या नटाने हा राखणदार उभा केलाय आणि तो काहीही करत नाही. नुसता उभा असतो. ज्यांना भयपटाचं तंत्र शिकायचंय त्यांनी टेनीचं मुंडकं आणि तूर्नरचा हा उभा माणूस एकापाठोपाठ बघावेत. उसाच्या फडातून रात्री सायकल मारलेल्या कोणालाही ती सळसळ कुठून येते ते सांगायला नको.

आवाजाकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्या. सर लॅन्सलॉट हा कॅलिप्सो (वेस्ट इंडिजमधली लोकगाणी) गाणारा खराखुरा गायक यात आहे. तो हॉटेलात बसून हॉलंड घराण्याच्या भानगडीचं गाणं गातो. मालक ऐकतोय कळल्यावर माफी मागतो. आणि अंधार पडल्यावर तेच गाणं गात, हळूहळू, बेट्सीच्या दिशेने चालत येतो. नोकराने मालकाला गाण्यातून टोचणं, हे आपल्या वगनाट्याच्या प्रेक्षकाला अनोळखी नाही. टेनीच्या बेटावर मात्र कोणाला काही सांगायचंच नाही, म्हणून नुसतेच ढोल.

तूर्नरचा चित्रपट निर्दोष आहे असं नाही. बेट्सी पॉलच्या प्रेमात इतक्या झटपट पडते की मधलं एखादं पान गळालंय असं वाटतं. धाकट्या भावाचं दारू पिऊन बरळणं कंटाळवाणं आहे. काळ्या पात्रांना मान आहे, बुद्धी आहे, पण गोष्ट अखेर गोऱ्यांच्या घराचीच राहते. आणि शेवटी एक उपदेशी आवाज येऊन पापपुण्याचा निवाडा करतो, तो स्टुडिओने घालायला लावला असेल की काय असं वाटावं इतका परका आहे. शिवाय, दचकायला हवं असेल तर इथे दचकवणारं फार थोडं आहे. मोबाइल हातात घेऊन बघणाऱ्याला यात ‘काहीच घडत नाही’.

ज्यांना घडायला हवंय त्यांच्यासाठी मग इटलीचा दिग्दर्शक लुचो फुल्ची. त्याचा १९७९ चा ‘झॉम्बी २’. (पहिला भाग शोधू नका. रोमेरोचा १९७८ चा चित्रपट इटलीत ‘झॉम्बी’ नावाने लागला होता, त्याच्या यशावर स्वार व्हायला हा आकडा.) न्यूयॉर्कच्या बंदरात एक बेवारस नौका येते आणि धागा मातूल नावाच्या बेटावर पोचतो. इथे कुजलेलं मांस आहे, किडे आहेत, दाराच्या फळीची चीप डोळ्यात शिरण्याचा तो कुप्रसिद्ध प्रसंग आहे आणि पाण्याखाली झॉम्बी विरुद्ध खराखुरा शार्क अशी झुंज आहे, जी एकदा तरी बघायलाच हवी. व्हूडू? लांबून ढोल ऐकू येतात, डॉक्टर घाम पुसत कारण शोधतो, कारण सापडत नाही. मालकाचा प्रश्न फुल्चीने सरळ टाकून दिला: त्याचे झॉम्बी कोणाचेच नाहीत, जमिनीतून वर येतात आणि खातात. पण निदान तो जे विकतो तेच देतो. जेवताना मात्र लावू नका. डोळ्याच्या प्रसंगापुढे घरातलं कोणी ना कोणी उठून जाणार हे नक्की.

ज्यांना मुळात हैतीच बघायचंय त्यांना दोन टोकांचे दोन चित्रपट आहेत. एक १९३२ चा ‘व्हाइट झॉम्बी’, बेला लुगोसी या नटाचा. हैती अमेरिकी मरीन सैनिकांच्या ताब्यात होती (१९१५ ते १९३४), त्या काळात तिथे रस्ते बांधायला लोकांना वेठीला धरलं गेलं, आणि १९२९ साली विल्यम सीब्रुकच्या प्रवासवर्णनातून अमेरिकन वाचकाला उसाच्या शेतात राबणारे झॉम्बी प्रथम भेटले. त्या लाटेवर हा पहिला लांबीचा झॉम्बीपट निघाला. अभिनय आज हास्यास्पद वाटतो, नायिका बाहुलीसारखी. पण साखरेच्या घाण्यातला प्रसंग मी या सगळ्या चित्रपटांत सर्वांत वरचा मानतो. मेलेली माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेने येतायत, लाकडी घाणा करकरतोय, एक जण तोल जाऊन आत पडतो, आणि कोणी थांबत नाही. घाणाही नाही. मालक पाहुण्याला समाधानाने सांगतो की माझे कामगार जास्त तासांची तक्रार करत नाहीत. नव्वद वर्षांपूर्वीचं हे वाक्य ऐकून आज कंपन्यांत काम करणाऱ्यांना हसू येईल, जरासं.

दुसरा वेस क्रेव्हनचा १९८८ चा ‘द सर्पंट अँड द रेनबो’. याला आधार वनस्पतिशास्त्रज्ञ वेड डेव्हिसच्या १९८५ च्या पुस्तकाचा, आणि त्या पुस्तकामागे क्लेर्वियस नार्सिस या माणसाची हकीकत: १९६२ साली इस्पितळात मृत म्हणून नोंद, दफन, आणि १९८० साली स्वतःच्या बहिणीसमोर हजर. आपल्याला उसाच्या मळ्यावर राबवलं असं त्याचं म्हणणं. डेव्हिसने झॉम्बीच्या भुकटीत फुगा माशाचं टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्याचं मांडलं. इतर शास्त्रज्ञांनी त्याच्या नमुन्यांतल्या प्रमाणावर कडक आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. क्रेव्हनने त्या विषाला राजकारणाशी जोडलं. इथला मालक म्हणजे हैतीतल्या दुवालिए हुकूमशाहीच्या गुप्त पोलिसांचा अधिकारी, जो विरोधकांना झॉम्बी करायची धमकी देतो. चित्रीकरण हैतीत सुरू झालं आणि तिथल्या अशांततेमुळे उरलेलं शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात करावं लागलं. पहिला तासभर रस्ते, मिरवणुका, दफनभूमी, सगळं श्वास घेतंय. जिवंत पुरलं जाण्याचा प्रसंग, शवपेटीत कोळी सोडलेला, गुदमरवून टाकतो. शेवटच्या वीस मिनिटांत क्रेव्हनला आपण भयपट करतोय हे आठवतं आणि मग आत्मे, ज्वाळा, उडती खुर्ची अशी जत्रा भरते. तरीही बघावा.

टाळायचा आणखी एक: १९५७ चा ‘व्हूडू आयलंड’. भयपटांतला नामी नट बोरिस कार्लॉफ याचं नाव बघून फसू नका. चित्रीकरण हवाई बेटांत, कथा पॅसिफिक महासागरात. कॅरिबियनमधला व्हूडू तिथे पोहत गेला असावा. झॉम्बी म्हणाल तर शून्यात बघणारी एक-दोन माणसं, आणि बाकी वेळ रबराच्या मांसाहारी वनस्पती. टेनीच्या चित्रपटावर हसता तरी येतं. याच्यावर जांभई येते.

आणि कोणी म्हणेल, मग आपल्याकडचं का नको? गोव्याजवळच्या बेटावर घडणारा २०१३ चा ‘गो गोवा गॉन’ आणि २०२२ चा मराठी ‘झोंबिवली’, दोन्ही मजेचे आहेत. पण दोन्हींत व्हूडू नाही, पहिल्यात पार्टीतल्या गोळीने झॉम्बी होतात. मित्रांबरोबर हसायचंच असेल तर टेनीच्या ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांपेक्षा मी ‘झोंबिवली’ लावेन. ढिसाळ असला तरी टॉवरवाले आणि झोपडपट्टीवाले यांच्यातली पाण्याची भांडणं त्याला माहीत आहेत, म्हणजे आपला झॉम्बी कुठल्या मातीतला आहे हे त्याला ठाऊक आहे.

एका रात्रीत दोन बसवायचे असतील तर ‘व्हाइट झॉम्बी’ आणि ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ मिळून सव्वादोन-अडीच तासांत होतात, आणि याच क्रमाने बघा, घाण्यापासून बागेतल्या पुतळ्यापर्यंत. प्रत मात्र नीट निवडा. ‘व्हाइट झॉम्बी’वरचा हक्क अमेरिकेत कधीच संपलाय, त्यामुळे त्याच्या धुरकट, खरखरीत नकला जागोजागी फुकट पडलेल्या आहेत, लुगोसीचे डोळे दिसत नसतील तर ती बंद करून दुरुस्त केलेली प्रत शोधा. ‘आय वॉक्ड…’ची स्वच्छ आवृत्ती क्रायटेरियन या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने २०२४ साली काढली आहे. उसातला तो रस्ता निम्मा काळोखातच आहे, तेव्हा खोलीतले दिवे मालवायला विसरू नका आणि मोबाइलवर तर मुळीच बघू नका. फुल्चीला मूळ इटालियन ऐका किंवा इंग्रजी, काही बिघडत नाही. संवाद मागाहून डब केलेले असल्यामुळे ओठ कुठल्याच भाषेत जुळत नाहीत.